दोन कोवलम आणि एक लाल पट्टी: लाटांच्या अंदाजाचं ॲप, अकरा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात मेसेज आला: तुमची वर्गणी 4 फेब्रुवारीला आपोआप रिन्यू होईल, 4,900 रुपये. मागच्या वर्षी मी 4,200 भरले होते. सातशे रुपये वाढवले आणि वर्षभरात काय सुधारलं याची एक ओळ नाही. म्हणून पैसे कापले जायच्या आधी हा अनुभव लिहायला घेतला. ॲपचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्याकडे अजून बंद झालेली नाही. सर्फिंग करणाऱ्यांना पैसे घेऊन लाटांचा अंदाज देणाऱ्या बहुतेक ॲप्सची मांडणी सारखीच असते: उंची, पिरियड, दिशा, वारा, भरती-ओहोटी. पिरियड म्हणजे एका लाटेच्या कड्यापासून पुढच्या कड्यापर्यंत जाणारे सेकंद.

मी मूळची रत्नागिरीची. आठ वर्षं झाली चेन्नईत, ओएमआर रस्त्यावर नावलूरला राहते. तिथून पंधराएक किलोमीटरवर कोवलम, जुन्या इंग्रजी नकाशांतलं कोव्हलाँग. तिथला पॉइंट ब्रेक, म्हणजे किनाऱ्याच्या टोकाभोवती वळून लाट फुटते ती जागा, हल्ली बऱ्याच जणांना माहीत झालाय. टोकापाशी खडक आहेत, लाट उजवीकडे सोलत जाते, समोर उघडा बंगालचा उपसागर. मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा तीन वर्षं तिथे सर्फिंगला जातोय. साडेनऊला माझं लॉगिन आणि त्याची शाळा, त्यामुळे आमच्या हातात पहाटे साडेपाच ते आठ एवढाच वेळ. पावणेपाचला उठायचं की नाही हे आदल्या रात्री ठरवावं लागतं. वर्गणी भरली ती तेवढ्यासाठी.

आता त्या पट्टीबद्दल. ॲपमध्ये प्रत्येक तीन तासांच्या रकान्याखाली वाऱ्याची एक रंगीत पट्टी असते. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर हिरवी, आडवा असेल तर पिवळी, समुद्राकडून आला तर लाल. आपण भूगोलात शिकलो ते मतलई वारे आणि खारे वारे, एवढंच. मतलई वारा लाटेचं तोंड उभं धरून ठेवतो, खारा वारा ते चुरगाळून टाकतो. वरचे तारेसुद्धा, म्हणजे त्या वेळेला ॲप देतं ते गुण, या पट्टीवरूनच ठरतात. पट्टी लाल असेल तर लाट कितीही चांगली असो, एका ताऱ्याच्या वर जात नाही.

मे-जूनमध्ये आमची पट्टी रोज लाल. पश्चिमेचा वारा, 8 नॉट (ताशी सागरी मैल), लाल. पश्चिमेचा वारा, 11 नॉट, लाल. मी ते बघून गजर बंद करायची. मुलगा विचारायचा, "आई, उद्या?" मी म्हणायची, वारा खराब आहे. असं सहा आठवडे चाललं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी दुपारी आमच्या अण्णांचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. अण्णा म्हणजे आम्हाला शिकवणारे, कोवलमच्याच कोळीवाड्यातले. छातीएवढी लाट, काचेसारखी गुळगुळीत, आणि कड्यावरून तुषार मागे समुद्रात उडतायत. वेळ सकाळी सव्वासहा. माझ्या ॲपमध्ये त्या वेळेला एक तारा होता.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सहा आठवडे मला शंका आली नाही, कारण माझं स्वतःचं डोकंही त्या ॲपसारखंच चालत होतं. भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्र पश्चिमेलाच असतो. सूर्य समुद्रात बुडतो, पश्चिमेचा वारा आला की ओठांवर मीठ लागतं. चेन्नईत आठ वर्षं राहून, सूर्य समुद्रातून वर येताना शंभर वेळा बघूनही, 'पश्चिमेचा वारा' वाचलं की मनात भाट्येच यायचं. इथे पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो. अण्णा त्याला कच्चान म्हणतात आणि कच्चान सुटला की बोर्डाला वॅक्स लावायला घेतात. वाडै म्हणजे उत्तरेचा, कोंडल म्हणजे पूर्वेचा. कोंडलात ते बोर्ड बाहेरच काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अंधार नुकता फाटत होता. मी फोन दाखवल्यावर अण्णांनी वरची कोरडी वाळू मुठीत घेतली, खांद्याएवढा हात उचलला आणि बोटं सैल केली. वाळू सरळ खाली पडली नाही, पाण्याच्या दिशेने तिरकी गेली. त्यांनी माझ्या हातातल्या लाल पट्टीकडे बघितलं आणि मुलाला घेऊन पाण्यात शिरले.

घरी येऊन पट्टीच्या मागे लागले. स्पॉटच्या पानावर नकाशातली पिन बरोबर आमच्या कोवलमवर होती. लाटांचे आकडे बरोबर, भरतीच्या वेळा बरोबर. पण 'किनाऱ्याचं तोंड' या बारीक अक्षरातल्या नोंदीत लिहिलं होतं: पश्चिम-नैऋत्य. केरळमधल्या कोवलमचं, तिरुवनंतपुरमजवळच्या. नाव एक, किनारे दोन, आणि कुणीतरी एकाचं तोंड दुसऱ्याला लावून दिलं होतं.

मी सविस्तर मेल लिहिली: अक्षांश-रेखांश, होकायंत्राचा स्क्रीनशॉट, सूर्योदयाचा फोटो. दोन दिवसांनी उत्तर आलं की कोवलम पश्चिमाभिमुख असल्याने पश्चिमेचा वारा तिथे प्रतिकूल आहे. सोबत फोटो, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहाचा. तो विळिंजमचा दीपगृह, केरळचा. मी परत लिहिलं की तामिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेला याच नावाचं गाव आहे आणि तुमची पिन तिथेच आहे. उत्तर: ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. चौथ्या मेलला 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'. जून, जुलै असे गेले, आणि कोवलमला खरा हंगाम असतो तो याच महिन्यांत. मी पैसे भरलेले चार महिने घरच्या पांढऱ्या फळ्यावर स्वतः रंग उलटे करून लिहीत होते.

एवढं लिहून झालं तेव्हा मी दीड तारा द्यायचं ठरवलं होतं. पण दुसरी बाजू लिहिली नाही तर मी खोटी ठरेन.

स्वेलच्या, म्हणजे दूरच्या वादळातून सुटून येणाऱ्या लाटांच्या बाबतीत या ॲपने मला जे शिकवलं ते तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. जूनच्या अखेरीस त्यांच्या नकाशावर खाली, साधारण 45 अंश दक्षिण अक्षांशाजवळ, जांभळा डाग दिसला. दक्षिण महासागरातलं वादळ. खोल पाण्यात लाटांचा थवा किती वेगाने सरकतो याचं सोपं गणित आहे: पिरियडच्या सेकंदांची दीडपट, तेवढे नॉट. 14 सेकंदांचा स्वेल 21 नॉटने येतो. तिथून कोवलमपर्यंत सुमारे 3,500 सागरी मैल. भागाकार करा, सुमारे 167 तास, म्हणजे जवळजवळ सात दिवस. ॲप आठवडाभर आधी म्हणत होतं: शनिवार पहाट, 14 सेकंद. आठवडाभर तो आकडा जेमतेम अर्ध्या सेकंदाने हलला. शनिवारी साडेपाचला पोचलो, मी खडकावर बसून घड्याळ लावलं. एका लाटेच्या कड्यापासून पुढच्या कड्यापर्यंत चौदा, पंधरा, चौदा. अंटार्क्टिकाच्या बाजूला सुटलेला वारा माझ्या मनगटावर मोजता आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का हे मुलाला समजावून सांगता आलं नाही.

पिरियडला मी आधी किंमतच देत नव्हते. मोठ्या अक्षरात उंची असते, आपण उंचीच वाचतो. पण लाटेची ताकद उंचीचा वर्ग गुणिले पिरियड अशी वाढते. दीड मीटर आणि 6 सेकंद, एक मीटर आणि 14 सेकंद, दोन्हींचा गुणाकार जवळपास सारखाच येतो, 13.5 आणि 14. पहिली ऑक्टोबर-डिसेंबरातली विस्कटलेली, दम काढणारी. दुसरी जूनमधली, लांबून उभी राहत येणारी, खडकापासून वाळूपर्यंत नेणारी. 14 सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी तीनशे मीटरच्या वर असते आणि तिला दीडशे मीटर खोलीवरच तळ जाणवायला लागतो, म्हणून ती टोकाभोवती व्यवस्थित वळते. सहा सेकंदांची लाट तशी वळत नाही, आहे तशी येऊन आदळते.

श्रीलंकेचाही हिशोब ॲप नीट करतं. सुरुवातीला मी उपसागराचा मोठा नकाशा बघून खूश व्हायची, दोन-दोन मीटरचे बाण. पण स्वेल नैऋत्येकडून आला तर श्रीलंका आडवी येते आणि आपण तिच्या सावलीत राहतो. बेटाची पूर्व कड चुकवून, दक्षिण-आग्नेयेकडून जे येतं तेच मोकळेपणी कोवलमला पोचतं. स्पॉटच्या पानावर हे कापून दाखवतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतं. एवढं अवघड गणित जमतं, आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते चुकतं. राग यायचा तो याचाच.

वाऱ्याच्या वेळेबद्दल मात्र कुठल्याच ॲपकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाचं मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि ॲप त्याचे आकडे तीन-तीन तासांनी दाखवतं. आपल्या घड्याळात साडेपाच, साडेआठ, साडेअकरा, अडीच. चेन्नईचा खारा वारा या रकान्यांच्या मधेच कुठेतरी उलटतो. एप्रिल-मेमध्ये कधी दहालाच, पश्चिमेचा जोर असेल तेव्हा जून-जुलैत दुपारी उशिरा. पहाटे जाणाऱ्यांना फरक पडत नाही. रविवारी नऊला निघणाऱ्यांना पडतो.

धोक्याच्या सूचना हा माझा दुसरा आक्षेप, आणि तो पट्टीपेक्षा गंभीर आहे हे मला कळतं. 2024च्या मेच्या पहिल्या आठवड्यात दुरून आलेल्या स्वेलमुळे केरळ आणि दक्षिण तामिळनाडूचा समुद्र स्वच्छ आकाशाखाली अचानक फुगला. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी किनाऱ्यावरून ओढले जाऊन गेले. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राची सूचना आधीच निघाली होती, फुकट, कुणालाही वाचता येईल अशी. माझ्या पैसे भरलेल्या ॲपमध्ये त्या दिवशी फक्त पिरियडचा आकडा वाढलेला दिसत होता. नोव्हेंबरअखेर फेंगल चक्रीवादळ आलं तेव्हाही तेच. 30 तारखेला चेन्नईचा विमानतळ दुपारपासून बंद, हवामान खात्याचं मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचं आवाहन, कोवलमच्या होड्या रस्त्यापर्यंत वर ओढलेल्या. ॲपमध्ये उंचीचा स्तंभ उंच झाला, बस. 'जाऊ नका' हे दोन शब्द कुठेच नव्हते. मुलं ज्यांच्यासोबत पाण्यात उतरतात त्यांनी इन्कॉइस आणि हवामान खात्याचं पान आधी बघावं, ॲप नंतर.

अपडेट, जानेवारी: हे अर्धं लिहून ठेवलं होतं आणि मधे त्यांचं उत्तर आलं. या वेळी कुणा अभियंत्याचं. त्यांनी सरळ विचारलं, किनाऱ्याचं तोंड किती अंश? मी रविवारी पाण्याकडे तोंड करून तीन ठिकाणी मोजलं, सरासरी साधारण 105 अंश, पूर्वेपासून थोडं दक्षिणेकडे. मेल केली आणि तिसऱ्या दिवशी स्पॉटच्या पानावरची पट्टी बदलली. सकाळचा वायव्येचा वारा हिरवा. त्या माणसाने 'चूक आमची होती' असंही लिहिलं. सात महिने लागले, पण असं लिहिणारा एक तरी माणूस तिथे आहे, म्हणून माझा दीडचा तीन झाला.

साडेतीन झाला असता. पण अलर्ट अजून जुन्याच तोंडावर चालतात. 'परिस्थिती चांगली झाली की कळवा' असं लावून ठेवलंय, तर परवा ते दुपारी अडीचच्या पूर्वेच्या वाऱ्याला वाजलं, पाणी पार चुरगळलेलं असताना. पानाला एक कोन आणि अलर्टला दुसरा. मेल पाठवली आहे.

पैशांचं म्हणाल तर वर्षाचं रिन्यूअल मी बंद केलं. महिन्याची वर्गणी 549 आहे. मे ते ऑगस्ट चार महिने घेतले तर 2,196 होतात. बाकीचे महिने विंडी या हवामानाच्या साइटचं फुकट पान मला पुरतं. त्यात युरोपचं मॉडेल आणि जीएफएस दोन्ही शेजारी लावून बघता येतात. ऑक्टोबर-डिसेंबरात तर कुठलंच नको, खिडकीतून नारळाच्या झावळ्या बघितल्या तरी कळतं. ॲप घेणारच असाल तर पहिल्याच दिवशी स्पॉटच्या पानावर अगदी खाली जाऊन किनाऱ्याचं तोंड तपासा. गोकर्ण, वर्कला, पुद्दुचेरी, कुठलंही. तोंड चुकीचं असेल तर वर्गणी भरायच्या आधी त्यांना लिहा, पैसे भरल्यावर लिहून उपयोग होत नाही.

आज पहाटे गेलो होतो. वायव्येचा 6 नॉट, पट्टी हिरवी, लाट कंबरेएवढी. अलर्ट वाजला नाही. मुलाने पाण्यात शिरण्याआधी मूठभर वाळू सोडून बघितली.