फ्रॉस्ट कव्हरच्या पिशव्या: एका हिवाळ्यानंतर

थंडीपासून वाचवायला झाडांवर चढवायच्या, ऑक्टोबरात ऑनलाइन मागवलेल्या तीन पिशव्या काल धुऊन गराजमध्ये टाकल्या. आता बोलायला हरकत नाही.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. कुंड्यांत दोन हायड्रेंजिया आणि एक अझेलिया ही इथली फुलझाडं, शिवाय सवयीने जास्वंद आणि मोगरा. शेवटच्या दोघांसाठी हे घेणार असाल तर घेऊ नका. रात्रीचा पारा 50 फॅरनहाइटच्या (10 सेल्सिअस) खाली उतरायला लागला की त्यांना मुकाट्याने घरात घ्यायचं. पहिल्या वर्षी मी जास्वंदीवर दोन चादरी टाकून निश्चिंत झोपले होते. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.

पिशवी पांढऱ्या, न विणलेल्या कापडाची. खाली नाडी, पुढे चेन. मामा निफाडचे. व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाले, "काय गं, आम्ही थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आणि तू झाडाला झबलं घातलंस?"

पण झबल्याने काम केलं. नोव्हेंबरातल्या एका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आत थर्मामीटर टांगला होता. पहाटे बाहेर 29 फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली, आत 33, म्हणजे जेमतेम वर. अझेलियाचं पानसुद्धा काळं पडलं नाही. मात्र त्याआधी महिनाभर मी नाडी खोडाला आवळत होते, ते चुकीचं. कापडाला स्वतःची ऊब नसते. दिवसा तापलेली जमीन रात्री जी ऊब सोडते, तेवढीच ते धरून ठेवतं. म्हणून कापड कुंडीवरून पार जमिनीपर्यंत यायला हवं. दुपारी मातीला पाणीही घालावं. ओली माती जास्त ऊब साठवते.

जानेवारीत मात्र पिशवीचं काही चालत नाही. दिवसेंदिवस पारा गोठणबिंदूच्या वर येत नाही, तेव्हा धरून ठेवायला ऊबच नसते. शिवाय कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो. माझे दोन्ही हायड्रेंजिया एकाच जातीचे, एकाच दिवशी आणलेले. एक दक्षिणेच्या भिंतीला टेकून जमिनीवर होता, दुसरा डेकच्या फळ्यांवर, म्हणजे खालूनही वारा. एप्रिलमध्ये नखाने साल खरवडली. भिंतीजवळच्याची शेंड्यापर्यंत हिरवी. डेकवरच्याची बुडाशी वीतभरच हिरवी, वर सगळं तपकिरी, आणि शेंड्याचा डोळा चिमटीत धरला तर चहापत्तीसारखा चुरला. ही जात आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी धरलेल्या कळ्यांवर फुलते. त्यामुळे याला यंदा नुसती पानं. भिंतीजवळच्याला आता ब्रोकोलीच्या तुऱ्याएवढे हिरवे गुच्छ आलेत. मातीची एक कुंडीही तडकली, पण तो पिशवीचा दोष नाही. आतलं पाणी गोठून फुगलं की असं होतं.

तक्रारी दोन. चेन फेब्रुवारीत फांदीत अडकली आणि कापड टरकलं. आणि बर्फाच्या ओझ्याने पिशवी अझेलियावर बसली, दोन फांद्या मोडल्या. आत बांबूच्या तीन काठ्या उभ्या करायला हव्या होत्या, हे पाकिटावर कुठेच नव्हतं. मार्चमधल्या उन्हात सकाळी आठवणीने उघडावीही लागते, नाहीतर आत उबून झाड अवेळी फुटतं.

पाचात साडेतीन. पुढच्या वर्षी दोन्ही हायड्रेंजिया भिंतीशी, कुंड्यांना बबल रॅप, आणि चेनच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे.