हेझी आयपीएसाठी हॉप्स: तीन बॅच आणि एक कांदा

मोझॅकला, म्हणजे घरच्या बिअरमध्ये वासासाठी टाकायच्या हॉप्सच्या (एका वेलीच्या फुलांच्या) एका जातीला, मी अडीच महिने शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या आज परत घेतोय, उरलेल्या विक्रेत्याच्या खात्यावर जमा.

सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी या हॉप्सच्या जाती, याहून जास्त सांगत बसत नाही, हेझी (गढूळ, फळांच्या वासाची बिअर) करणाऱ्यांना ती नावं तोंडपाठ असतात. (घरी बिअर करायच्या परवान्याचं विचारणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं.) नोव्हेंबरात ऑनलाइन मागवलं: सिट्रा 100 ग्रॅम, मोझॅक 100, गॅलेक्सी 50. बिल साडेतीन हजारांच्या घरात. एवढ्यात किती किराणा येतो ते मला घरी ऐकवून झालंय.

पहिली बॅच डिसेंबरात, 10 लिटर. सोलापुरात हे उद्योग थंडीतच करावेत. तरी दुपारी खोली तापतेच, म्हणून फर्मेंटरला (बिअर आंबते त्या भांड्याला) ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळायचा, खाली परात, समोर टेबल फॅन. आपली हवा कोरडी, चार-पाच अंश आरामात उतरतात. उकळी थांबवून 80 अंशांवर 40 ग्रॅम, मग ड्राय हॉपला (न उकळता, फर्मेंटरमध्येच टाकायला) 100 ग्रॅम, सिट्रा-मोझॅक निम्मं निम्मं. पंधरा दिवसांनी बाटली उघडली तर आतून आईचा आवाज, "कांदा कोण चिरायलंय रे?"

कांदाच! अहो, कांद्याचा वासच घ्यायचा तर मार्केट यार्डाच्या गेटवर उभा राहीन की. तिथे फुकट येतो.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुसरी बॅच टाकली. उरलेलं 30 ग्रॅम सिट्रा आणि अख्खं गॅलेक्सी, 7 लिटरला. ग्लास नाकाशी नेला आणि जानेवारीत पिकलेल्या पायरीचा वास! पैसे वसूल. पण तीन आठवड्यांत रंग चिकू शेकसारखा झाला, चव ओल्या पुठ्ठ्याची. ती चूक माझी. बाटल्या भरताना वरून धार सोडली, हवा आत गेली. एवढे हॉप्स असलेल्या बिअरला हवा अजिबात चालत नाही.

आता पाकिटाविषयी. त्यावर अल्फा, म्हणजे कडूपणाचा आकडा, दशांशासकट छापलेला. हेझीत कडूपणा कोणाला हवाय, सगळा खेळ वासाच्या तेलांचा! जे हवं ते, म्हणजे तोडणीचं साल, कुठेच नाही. अमेरिकेत हॉप्सची तोडणी वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरात. ऑस्ट्रेलियाचं गॅलेक्सी उन्हाळा संपताना, म्हणजे आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मग नोव्हेंबरात हातात आलेलं मोझॅक दोन महिन्यांचं की चौदा महिन्यांचं? विचारलं तर उत्तर, "सर, पॅकिंग डेट आहे ना." ती तर मोठ्या पोत्यातून पुड्या बांधल्याची तारीख! मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घेताना यंदाची की गेल्या सालची हे आपण विचारतो, आणि दुकानदार सांगतोही. इथे तेराशे रुपयांच्या मालाला ते नाही. तीन मेल केले, हाती काय तर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. पुढची खरेदी कोण करतोय?

फेब्रुवारीत पुण्याहून येणाऱ्या मित्राकडून दुसऱ्या दुकानातलं, साल आणि लॉट (कोणत्या खेपेचा माल ते) छापलेलं मोझॅक आणवलं, 75 ग्रॅम. आधी परीक्षा. स्वस्त लागरच्या (साध्या बिअरच्या) दोन बाटल्या, एकीत जुन्या मोझॅकच्या तीन गोळ्या (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांतच येतात), दुसरीत नव्याच्या. पहिली गोळी पडताच फेस उसळून ओट्यावरून खाली. दुसऱ्या बाटलीतला घोटभर आधी पिऊन टाकला, गोळ्या टाकल्या टाकल्या बूच दाबलं. तीन दिवस फ्रिजमध्ये. जुनी: कांदा. नवी: पिकलेला पेरू, मागे जरासं जांभूळ. जात एकच!

तेव्हा थोडं वाचलं. कांदा-लसणाचा वास उशिरा तोडलेल्या हॉप्सना येतो, शिळे झाले तर जुन्या चीजसारखा कुबट येतो. म्हणजे साल छापलं असतं तरी माझा कांदा टळला नसता, लॉटच तसा होता. हे मान्य. तरी साल छापाच.

नव्या मोझॅकची 6 लिटरची तिसरी बॅच आठ दिवसांत संपली, चिकू व्हायला वेळच मिळाला नाही. एकच जात घ्यायची तर मी आता सिट्रा घेईन, परवडलं तर तिसरा हिस्सा गॅलेक्सी. मोझॅक मात्र तीन गोळ्यांची परीक्षा केल्याशिवाय नाही.

कांद्याची बॅच ओतून दिलेली नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर खपते. तीन बाटल्या अजून आहेत.