रु की रू: २७ इंची फोर-के मॉनिटर, चार महिन्यांच्या वापरानंतर

मुद्रितं तपासणं हे माझं काम. दिवसाचे सात-आठ तास रु ऱ्हस्व आहे की दीर्घ, 'द्ध'चा 'ध्द' झालाय का, हेच बघत बसायचं. मॉनिटरवर लिहिणारे लोक गेम किती पळतो आणि रंग किती खुलतात याबद्दल भरभरून लिहितात. मला अनुस्वार दिसला म्हणजे झालं.

आधी माझा मूर्खपणा. जुना २४ इंची फुल एचडी मॉनिटर लहान वाटायला लागला म्हणून मी २७ इंची आणला, तोही फुल एचडीच. पडदा मोठा, म्हणजे अक्षर मोठं, म्हणजे डोळ्यांना आराम, असा साधा हिशेब. अक्षर मोठं झालं खरं, पण विसविशीतही झालं. पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते ठिपके, होते तेवढेच, १९२० बाय १०८०, फक्त जास्त जागेवर पसरले. इंचाला ९२ होते ते ८२ वर आले. शिरोरेषेला काही झालं नाही, ती बिचारी आडवी. पण रफाराला पायऱ्या पडल्या, रूची शेपटी वळायच्या आतच संपायला लागली आणि दहा पॉइंटाच्या मजकुरात अनुस्वार म्हणजे नुसता करडा डाग. एकदा काचेवरची धूळ मी अनुस्वार समजून खोडायला गेले, तेव्हा ठरवलं, हा नको.

मग टेप घेऊन बसले. माझ्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर ६५ सेंटिमीटर. टेबल ६० सेंटिमीटर खोल आहे आणि मॉनिटरचा पाय मागची जागा खातो, त्यामुळे यापेक्षा लांब काही जात नाही. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो असं धरतात. ६५ सेंटिमीटरवर तो येतो साधारण ०.१९ मिलिमीटर. माझ्या त्या मॉनिटरचा एकेक पिक्सेल होता ०.३१ मिलिमीटरचा. दिसणारच की! २७ इंचांत २५६० बाय १४४० घेतला तर पिक्सेल ०.२३ चा, म्हणजे बराच बरा, आणि बहुतेकांचं त्यावर भागेल. फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० घेतला तर ०.१६. मी तोच घेतला.

पहिल्या दिवशी मात्र रडायची वेळ आली. अक्षरं मुंगीएवढी, आणि माउस हलवला की बाण मागून रखडत येतोय. अक्षरांचं सोपं होतं, सेटिंगमध्ये स्केलिंग, म्हणजे सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण, १५० टक्के केलं. इथे एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली: १५० टक्क्यांवर पडद्यात मजकूर मावतो १४४० वाल्या मॉनिटरइतकाच. जागा जास्त मिळत नाही, तेच अक्षर जास्त पिक्सेलांत कोरलं जातं. रखडण्याचं कारण माझ्या लॅपटॉपचं जुनं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटर जोडायची खाच. त्यातून फोर-के सेकंदाला ३० चित्रांच्या वर जाईना. त्याऐवजी डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीची केबल लावली, ६० झाली, बाण सुतासारखा सरळ.

आता दोन ए-फोर पानं खऱ्या मापात शेजारी शेजारी उघडते, डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे जुळणी. पडदा जवळपास ६० सेंटिमीटर रुंद, पानं दोन मिळून ४२. उरलेल्या पट्टीत माझी शंकांची यादी. २४ इंचीवर ए-फोरची उंची जेमतेम बसायची, वर मेनूला जागाच नसायची. आणि रु? पोटातली गाठ आणि शेपटीचा फराटा दोन्ही स्वच्छ दिसतात, मान पुढे न काढता.

मैत्रिणीकडे ३२ इंची फोर-के आहे. तिचं टेबल खोल, ती ८० सेंटिमीटरवर बसते, तिला छान. माझ्या अंतरावर बसून पाहिलं तर शेवटचा रकाना वाचायला मान वळवावी लागत होती, टेनिसचा सामना बघितल्यासारखी.

तक्रारी आहेतच. स्टँडला उंची कमी-जास्त करायची सोय नाही, आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर ही फार मोठी अडचण आहे. वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात, त्यामुळे पडद्याची वरची ओळ वाचायला हनुवटी वर करून बसायचं. आठवड्यात मान धरली. शेवटी ६५ सेंटिमीटरसाठी वेगळा चष्मा करून घेतला आणि मॉनिटर स्टँडऐवजी वर-खाली होणाऱ्या आर्मवर टांगून खाली उतरवला. शिवाय पानं जुळवायचं माझं एक जुनं सॉफ्टवेअर स्केलिंग जुमानत नाही, त्यातली अक्षरं धुक्यातून दिसतात. त्याला इलाज सापडलेला नाही.

तो फुल एचडी मॉनिटर भाच्याला दिला. तो पलंगावर टेकून, चांगला सव्वा मीटरवरून गेम खेळतो आणि मला विचारतो, "मावशी, एवढा मस्त मॉनिटर तू दिलास कसा?"