अकरा महिने, दोन गोळ्या आणि एक एक्स-रे

सात-एक आठवड्यांपूर्वी पोटाचा एक्स-रे काढला. आतड्याच्या वाटेने खडूचे तुकडे सांडावेत तसे पांढरे ठिपके! "काही गिळलंत का?" तंत्रज्ञाने विचारलं. गिळलं होतं खरं. मी डायलिसिसवर. जेवणातला फॉस्फरस धरणारी गोळी, म्हणजे बाइंडर, रोज घ्यावी लागते. आठ आठवडे त्यातली लॅन्थॅनम गिळली, अख्खीच्या अख्खी. ती चावून पार भुगा करायची असते. चावली तरी एक्स-रेत दिसू शकते म्हणे, पण हे तुकडे माझ्या आळसाचेच. रक्तातला फॉस्फरस ६.८ वर, म्हणजे जास्तच, का अडकला होता, तेही कळलं. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरत होतो, 'इतकी महाग गोळी, आणि गुण शून्य.' ते मागे घेतो.

अख्खी गिळायची सवय लावली आधीच्या बाइंडरने, सेव्हेलामरने. त्याआधीच्या कॅल्शियम अ‍ॅसिटेटने रक्तातलं कॅल्शियम चढलं, म्हणून डॉक्टरांनी बदलून दिलं. ८०० मिलिग्रॅमची ती गोळी अख्खी गिळायची, कारण ओल लागली की फुगते. मी शहाणपणा करून दातांनी मोडली. तुकडा घशात चिकटला आणि डायलिसिसवाल्याचं मोजून मिळणारं पाणी तिथेच संपलं. म्हणजे गिळायची ती चावली, चावायची ती गिळली! पाकिटावर हे मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं यांचं?

सेव्हेलामरचा खरा छळ बद्धकोष्ठाचा. तीन-तीन दिवस पोट गच्च. मॅग्नेशियमचं रेचक आणलंही होतं, पण सिस्टरने अडवलं. आपल्या किडन्या ते बाहेर टाकत नाहीत, साठत जातं. पोट फुगून उलट्या झाल्या, वारा सरेनासा झाला तर मात्र लगेच दाखवा, आतडं अडू शकतं.

काटकसरही नडली. दुपारी विसरलेली गोळी वाया कशाला, म्हणून झोपताना रिकाम्या पोटी घ्यायचो. बाइंडर जेवणातला फॉस्फरस पोटातच धरतो. जेवण नाही तर धरणार काय? आणि थायरॉइडची गोळी नाश्त्याच्या बाइंडरआधी अर्धाच तास घ्यायचो, बाइंडर तीही धरतो, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) चढला. दोन्हींत चार तास तरी हवेत. आता ती झोपताना घेतो, डॉक्टरांना विचारून.

लॅन्थॅनम चावायला लागून सात आठवडे झाले, फॉस्फरस ५.३. चव खडूची, मळमळ अधूनमधून, दाढ ठणकते. कुटून घेतली तरी चालते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. ताटाशेजारी आता छोटा खलबत्ता असतो.