गॅरेजच्या कोब्यावर सांडलेलं ऑइल उचलायची दाणेदार माती, पाच महिने वापरून लिहितोय

सांगलीत मारुती चौकाच्या आत माझं टू व्हीलरचं गॅरेज आहे, मधनंमधनं ओळखीतला एखादा पॉवर टिलर नाहीतर पंपाचं डिझेल इंजिनपण येतं. एप्रिलमध्ये आमच्याकडचा पोरगा रॅम्पजवळ घसरला. खाली गिअर ऑइल सांडलं होतं, शंभर मिलीपण नसेल, कुणीतरी चिंधीनं पुसल्यासारखं केलेलं आणि वरनं कोबा कोरडा दिसत होता. हातात सायलेन्सर होता त्यामुळं त्याला सावरता आलं नाही, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याच्या आईला दवाखान्यात तोंड दाखवताना जे वाटलं ते मी विसरणार नाही. त्याच आठवड्यात ही माती आणली.

कुपवाड एमआयडीसीकडच्या एका दुकानात मिळाली, २० किलोची पिशवी ६४० रुपयाला. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, भाजलेली, विटकरी रंगाची खडी म्हणा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी माती तीनचार कंपन्यांची येते आणि मला वापराबद्दल सांगायचंय.

त्याआधी आम्ही सगळ्यांसारखा भुसाच वापरायचो. टिंबर एरियातनं पोतं आणायचं, सांडलं की टाकायचा, झाडायचा. स्वस्त आहे आणि ऑइल ओढतो हे खरं. पण फॅन चालू असला की उडतो, पावसाळ्यात पोत्यातच दमट होतो मग काय ओढणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोल प्यालेला भुसा म्हणजे सरपणच. वेल्डिंगची ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही.

आता माती कशी वापरायची, कारण पहिल्या दिवशी आम्हीपण चुकलो, मधोमध ओतली आणि ऑइल कडेनं पळालं. आधी कडेनं गोल बांध घालायचा आणि मग आत भरत यायचं. मग बुटाच्या तळव्यानं दाबून रगडायची, हे महत्त्वाचं आहे, नुसती पसरून ठेवली तर वरचे दाणे कोरडेच राहतात. पंधरावीस मिनिटं थांबायचं, खराट्यानं एकदा खालवर करायची, परत रगडायची, मग घमेल्यात भरायची. ताजं इंजिन ऑइल असेल तर कोबा इतका कोरडा होतो की चप्पल घालून चालता येतं, मी स्वतः पाय घासून बघतो आणि मगच पोरांना तिकडं जाऊ देतो. आमच्या अंदाजानं किलोभर माती अर्धा लिटर ऑइल उचलते, म्हणजे एका गाडीचं सगळं ऑइल सांडलं तर दोन किलो धरून चाला. साध्या ठिबकाला मूठभर पुरते.

ही माती मुलतानी मातीच्याच घराण्यातली. बायका चेहऱ्याला लावतात कारण ती तेल ओढते, आणि पूर्वी लोकरीतला चिकटपणा काढायला हीच माती वापरायचे. म्हणून मी किराणा दुकानातली मुलतानी मातीपण टाकून बघितली. ओढते चांगली, पण पीठ असल्यामुळं तिचा राबडा होतो आणि तो राबडा ऑइलपेक्षा जास्त निसरडा. दाणेदारच घ्या.

पेट्रोलचं मात्र वेगळं आहे आणि हे नीट वाचा. पेट्रोल सांडलं की आधी मातीकडं पळायचं नाही. शटर पूर्ण वर, गॅस बंद, वेल्डिंग बंद, आणि फॅनचं किंवा लाइटचं बटन चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंद, हात लावायचा नाही कारण बटनातच ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालनं सरपटत जाते आणि खड्ड्यात साठते, तुम्हाला उभ्यानं वास कमी आला म्हणजे खाली नाही असं नसतं. शून्याखाली ४० डिग्रीलासुद्धा पेट्रोलची वाफ पेटू शकते. डिझेलला आपण निर्धास्त असतो, पण आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासनं त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, कमीत कमी ३५ डिग्री असावा एवढंच स्टँडर्डमध्ये आहे, आणि मे महिन्यात सांगलीत पत्र्याखाली ३५ म्हणजे काहीच नाही. माती स्वतः जळत नाही हा भुशापेक्षा मोठा फायदा, पण तिच्यात शोषलेलं पेट्रोल जळतंच आणि वाफ सोडत राहतं, त्यामुळं ती भरलेली माती लगेच बाहेर उघड्यावर, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. आत कोपऱ्यात सारून ठेवायची नाही.

जुन्या डागांवर काही होत नाही. पिशवीवर डागाचं चित्र काढलंय ते बघून मी दोन किलो वाया घालवली. कोबा सच्छिद्र असतो, वर्षानुवर्षं ऑइल आत मुरलेलं असतं, वर टाकलेली कोरडी माती तिथपर्यंत पोचत नाही. थोडा फरक पडला तो असा: धुण्याची पावडर आणि कडक गरम पाणी, ताठ ब्रशनं घासायचं, ते पाणी पुसून घ्यायचं, मग हीच माती कुटून बारीक करून लगद्यासारखी डागावर थापायची, वर प्लास्टिक, रात्रभर. तीनदा केल्यावर काळ्याचा करडा झाला, गेला असं म्हणणार नाही. अॅसिड कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते सिमेंट खातं आणि ऑइल तिथंच राहतं. रॉकेल नाहीतर डिझेलनं फरशी धुणारे पण आहेत, त्यानं ऑइल पातळ होऊन आणखी आत जातं आणि दिवसभर वास.

तक्रारी दोन. एक म्हणजे पिशवीच्या तळाला नुसती धूळ, दीडेक किलो तरी निघाली. ही धूळ इंजिन उघडं असताना उडाली तर बेअरिंग, पिस्टन सगळ्याला घातक, मातीच ती, घासणारच. म्हणून आता चाळणीनं चाळून मगच डब्यात भरतो आणि उघड्या इंजिनवर कापड टाकल्याशिवाय ओतायची नाही असा नियम केलाय. दुसरी, ओल्या फरशीवर ही नुसती पाणी पिते. जुलैमध्ये पावसाचं पाणी दारातनं आत आलं होतं त्यात टाकली तर चिखल झाला. आधी वायपर मारून पाणी काढा.

भरलेली माती कुठं टाकायची हे दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "द्या की गटारीत सोडून." नाही सोडत. आपल्याकडची गटारं, शेरी नाला, शेवटी सगळं कृष्णेतच जातं आणि तेच आपण पितो. २०१९ च्या पुरात माझ्या दुकानात पाणी होतं, जळक्या ऑइलचे कॅन तरंगून उलटले आणि पाणी उतरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला काळा पट्टा राहिला होता, शेजारच्या घरात पण. त्या वहिनींनी काही बोलून दाखवलं नाही पण धुताना त्यांचे हात बघितलेत मी. तेव्हापासून ड्रम वरच्या लोखंडी रॅकवर, साखळीनं बांधून. जळकं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणं घातक कचऱ्यात मोडतं, ते परवान्यावाल्यालाच द्यायचं, आणि तेल प्यालेली मातीपण त्याच माणसाला मी वेगळ्या डब्यातनं देतो, घंटागाडीत घालत नाही.

पाच महिन्यांत दीड पिशवी संपली. भुशापेक्षा महाग पडते, महिन्याला दोनशेच्या आत बसतं. पोराचं प्लास्टर कधीच निघालंय, आता तोच सकाळी रॅम्पच्या दोन्ही बाजूचे डबे भरतो. एकट्याला २० किलो नको असेल तर आता ते दुकान पाच किलो सुटी पण देतं, मागितली तरच, आणि घेताना पिशवीच्या वरचा माल मागून घ्या, खालचा धुळीचा असतो.