शेवटचा डबा: अमेरिकन अध्यक्षांच्या प्रचारगाडीचं मॉडेल, एका गार्डच्या नजरेतून

३१ वर्षं मी गाडीच्या शेपटाला उभा राहिलो. गार्डला फलाट मागं पडतानाच दिसतो, येताना कधी नीट दिसत नाही. त्यामुळे लेकीनं सुट्टीवर येताना जे खोकं आणलं, त्यावरचं चित्र बघूनच मी अर्धा विरघळलो. रेल्वे मॉडेलच्या खोक्यावर नेहमी इंजिन असतं, धूर सोडत अंगावर येणारं. इथं डबा चक्क मागून दाखवला होता. उघडी बाल्कनी, कठडा, वर भोंगे, आणि कठड्याला रेलून हात हलवणारा चष्मेवाला माणूस. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन. डब्याचं नाव फर्डिनंड मॅगेलन. १९४८ च्या निवडणुकीत याच डब्याच्या मागच्या बाल्कनीतून भाषणं करत ट्रुमन गावोगाव फिरले.

ओ स्केल, म्हणजे १:४८. खरा डबा ८४ फुटांचा, मॉडेल पावणेदोन फुटांचं. प्लास्टिकचे सांगाडे, धातूची चाकं, पत्र्यातून कोरलेला कठडा, रंगवायच्या सहा बाहुल्या आणि २० पानांची पुस्तिका. किंमत १८० डॉलर. लेकीनं ती सांगितली नव्हती, बिल खोक्याच्या तळाशी राहिलं म्हणून कळली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यांचं उत्तर अजून यायचंय.

आधी चांगलं. बाजू आणि छप्पर अप्रतिम जमलंय. रिव्हेटच्या ओळी बोटाला लागतात, डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीचा तो काळपट हिरवा रंग कारखान्यातूनच चढवून आलाय आणि कुठं ओघळ नाही. चाकांचं काम तर असं, की मी चष्मा बदलून पाहिलं. लोक डब्याला बोगी म्हणतात, ते ऐकून आम्हा रेल्वेवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. बोगी म्हणजे खालची चाकांची चौकट. या डब्याच्या प्रत्येक बोगीला तीन-तीन एक्सल, आणि ते का, हे वजन पाहिलं की समजतं.

हा डबा पुलमन कंपनीनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस बांधला, तो पैसेवाल्यांना भाड्यानं द्यायला. शोधक-दर्यावर्दींची नावं दिलेले सहा डबे होते. लिव्हिंगस्टन, स्टॅन्ली, मार्को पोलो ही याची भावंडं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, १९४२ मध्ये, तो ट्रुमनच्या आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी नव्यानं घडवला. भिंती, तळ, छप्पर सगळीकडे पाच अष्टमांश इंच जाडीचं चिलखती पोलाद, खिडक्यांना तीन इंच जाड काच. वजन झालं २,८५,००० पौंड, म्हणजे सुमारे १२९ टन. आपला आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, रिकामा डबा चाळीस टनांच्या आतबाहेर असतो. म्हणजे तीन डब्यांचं ओझं एकाच डब्यात, आणि तेही सगळ्यात मागं!

याचा अर्थ काय, ते ट्रुमनच्या सोबतच्या मंडळींनी सांगून ठेवलेल्या एका किश्शात आहे. डब्याच्या बैठकीत वेगाचा काटा बसवला होता. एका रात्री तो ताशी १०५ मैलांवर गेलेला ट्रुमननी पाहिला आणि शांतपणे निरोप धाडला, की ८० पुरेत, घाई नाही. कारणही दिलं: एकदम ब्रेक लागला तर आपला डबा पुढच्या सगळ्यांचा चुराडा करेल. गाडीच्या शेपटाला जड वाहन असलं की काय होतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, पण राष्ट्राध्यक्षाला ते ठाऊक असावं याचं मला भारी कौतुक वाटलं. रूझवेल्टना उलट हळू गाडी आवडायची. पोलिओनं पाय गेलेले. वळणावर पाय रोवून तोल धरता येत नसे.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात. चार शयनखोल्या, जेवणाचं टेबल, स्वयंपाकघर, बैठक, सगळं आहे, पण छप्पर चिकटवलं की काही दिसत नाही. तीन इंची काचेचा भास देण्यासाठी खिडक्यांना हिरवट जाड प्लास्टिक दिलंय, त्यामुळे उरलंसुरलंही झाकतं. माझा सल्ला, छप्पर चिकटवू नका, नुसतं बसवा. म्हणजे पाहुण्यांना उचलून संकटकाळी बाहेर पडायच्या वाटा दाखवता येतात. त्यातली एक थेट अंघोळीच्या जागेतून आहे. आमच्याकडे आलेला प्रत्येक जण तिथंच हसतो.

आता मागची बाल्कनी. हे मॉडेल घ्यायचं ते तिच्यासाठी, आणि कंपनीनं नेमकी तिथंच माती खाल्ली आहे.

कठड्याचा पत्रा डावीकडे दोन मिलिमीटर तोकडा निघाला. १:४८ मध्ये दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर जवळजवळ चार इंच. ट्रुमनची बाहुली त्या कोपऱ्यात उभी करायची सूचना आहे. तिथं भोक आणि खुंटी जुळत नाही. मी खुंटी कानशीनं घासली, पत्रा गरम पाण्यात धरून वाकवून पाहिला, शेवटी चिकटणाऱ्या मातीच्या गोळीवर भागवलं. ज्या गाडीचं अख्खं राजकारण त्या कठड्यावर उभं होतं, तिचा कठडाच आखूड!

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. खोक्यावर रूझवेल्टचं नाव ठळक आहे, पण आत त्यांची बाहुली नाही, आणि त्यांची चाकाची खुर्ची वर घेण्यासाठी याच बाल्कनीवर जे उचलयंत्र बसवलेलं असायचं, तेही नाही. पायांना पोलादी पट्ट्या लावून तो माणूस उभा राहायचा. त्याच्यासाठी कठडा म्हणजे भाषणाची शोभा नव्हती, आधार होता. मी उचलयंत्र स्टेपलरच्या पिना आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटापासून केलंय. फार वाईट दिसत नाही.

पडद्याचंही तसंच. ट्रुमन छोट्या गावी दहाएक मिनिटं बोलत, मग विचारत, माझ्या घरच्यांना भेटायचंय का? निळा मखमली पडदा सरायचा, आधी बायको बेस बाहेर यायची, मग मुलगी मार्गारेट. बायकोची ओळख ते ‘बॉस’ अशी करून देत, मुलीची ‘बॉसची बॉस’. लोक खूश. गाडी हलली, पुढचं गाव. कंपनीनं या पडद्यासाठी छापील कागद दिलाय, गुळगुळीत, कॅलेंडरसारखा. आमच्या हिनं तो पाहिला, काही न बोलता कपाटातून अंगठीची जुनी डबी काढली आणि आतली निळी मखमल कात्रीनं सोडवून दिली. आता पडदा बघण्यासारखा झालाय. डबी मात्र उघडीनागडी पडली आहे.

पुस्तिकेतली छायाचित्रं छान, मजकूर आखूड. ‘व्हिसल-स्टॉप’ शब्दाची गोष्ट तिनं बरोबर दिली आहे: प्रवासी असला तरच गाडी थांबायची अशी ती बारकी स्टेशनं. जून १९४८ मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर टॅफ्ट यांनी तक्रार केली, की ट्रुमन असल्या ठिकाणी थांबून काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बदनामी करत फिरताहेत. ट्रुमनच्या डेमोक्रॅटिक पक्षानं लगेच त्या गावांच्या महापौरांना तारा केल्या, की तुमच्या गावाला हे नाव कसं वाटतं? गावं चिडली, आणि शिवी होती तिचं बिरुद झालं. त्या वर्षी ट्रुमन २०,००० मैलांहून जास्त फिरले, ३०० च्या वर भाषणं. पैशाची ओढाताण इतकी, की ओक्लाहोमात गाडी पुढं हलवायला डब्यातच वर्गणी गोळा करावी लागली. विनातिकीट राष्ट्राध्यक्ष म्हणा ना.

पण ड्युईंची गोष्ट पुस्तिकेत दोन ओळींत उरकली आहे, आणि तिथं मी गार्ड म्हणून बोलणारच. रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्युई यांचीही गाडी होती, नाव ‘व्हिक्टरी स्पेशल’. ऑक्टोबर १९४८ मध्ये इलिनॉयमधल्या बोकू या गावी ते मागच्या बाल्कनीतून बोलत असताना गाडी काही फूट मागं आली, थेट गर्दीकडे. कुणाला लागलं नाही. ड्युई माइकवरच बोलून गेले, की असला वेडा ड्रायव्हर मला पहिल्यांदाच मिळालाय, खरं तर पहाटे गोळीच घालायला हवी, पण कुणाला इजा नाही म्हणून सोडून देऊ.

गाडी काही फूट मागं येणं म्हणजे काय, हे ज्यानं शंटिंगमध्ये झेंडी दाखवलीय त्याला विचारा. ड्रायव्हर पुढं, लांब. मागं कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून तर शेपटाला माणूस ठेवतात. माझ्या गार्डगिरीत असा धक्का दोनदा बसलाय, आणि दोन्ही वेळा मी आधी खाली कोण आहे ते पाहिलं, ड्रायव्हरला शिव्या नंतर. ड्युईंनी क्रम चुकवला. रेल्वेचे कामगार बिथरले, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, आणि ट्रुमननी तर सोनं केलं. अमेरिकेत ड्रायव्हरला ‘इंजिनियर’ म्हणतात, आणि रिपब्लिकनांचे मंदीच्या वेळचे अध्यक्ष हूव्हर हे शिक्षणानं खाणींचे इंजिनियर. ट्रुमन म्हणाले, गाडी मागं गेल्याचा यांना राग येतो, पण त्या ‘थोर इंजिनियर’च्या हाताखाली आपण सगळेच मागं मागं जात मंदीत पडलो, त्याचं काय? हे पानभर हवं होतं, राव.

शिवाय प्रचारगाड्या काही १९४८ ला जन्मल्या नाहीत. १८६६ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आपल्या बाजूचे लोक निवडून यावेत म्हणून गाडीनं फिरले. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनला गर्दीच्या भारानं फलाट कोसळून माणसं दगावली. १८९६ मध्ये अध्यक्षपदाचा ३६ वर्षांचा उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन १८,००० मैल फिरला, सहाएकशे भाषणं ठोकली. सुरुवातीला बिचारा साध्या गाड्यांनी, स्वतःची बॅग स्वतः उचलून जायचा. पुढं खास डबा मिळाला, त्याचं नाव काय, तर ‘आयडलर’, म्हणजे आळशी! आणि त्याचे प्रतिस्पर्धी मॅकिन्ली ओहायोतल्या कँटनला घरच्या ओसरीवर बसून राहिले. रेल्वे कंपन्यांनी तिकीटं स्वस्त केली आणि लोकच गाड्या भरभरून त्यांच्या दारी आले. निवडून कोण आलं? ओसरीवाला. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड वंशभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यानंतर चिडलेल्या दक्षिणेत नवऱ्यासाठी गाडी घेऊन गेल्या. अलेक्झांड्रिया ते न्यू ऑर्लिन्स, चार दिवस, सोळाशेहून जास्त मैल. हुर्यो झाली तरी मागच्या बाल्कनीवरून हटल्या नाहीत. यातलं पुस्तिकेत काही नाही.

शेवटचं पान अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी हाच डबा संग्रहालयातून मागून घेऊन एक दिवस ओहायोत चालवला. आता डबा मायामीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. लेक म्हणते पुढच्या वर्षी जाऊ. बघू.

आणि हो, ते वर्तमानपत्र. निवडणूक जिंकल्यावर सेंट लुइसला याच बाल्कनीत ट्रुमननी ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा ड्युई जिंकल्याचा मथळा हसत हसत उंचावला होता. कंपनीनं त्याची नखाएवढी प्रत दिली आहे, मथळा भिंगातून वाचता येतो. फक्त एकच प्रत दिली आहे. माझी पहिल्याच दिवशी हरवली, आणि दोन दिवसांनी हिच्या चपलेच्या तळाला चिकटलेली सापडली. किमान दोन द्यायला हव्यात.

पाचपैकी साडेतीन तारे. चाकं आणि रंगासाठी पाच, कठड्यासाठी एक, बाकी तुम्ही हिशेब करा. हात थरथरत असेल तर घेऊ नका, लहान मुलांसाठी तर नकोच. मी कंपनीला कठड्याचा फोटो फूटपट्टीसह पाठवलाय. नवा पत्रा तीन आठवड्यांत निघेल असं त्यांचं यंत्र म्हणतं, माणूस अजून बोललेला नाही. तोवर ट्रुमन मातीच्या गोळीवर उभे आहेत, किंचित डावीकडे कललेले. कठडा आला की कळवतो.