मनगटावरचा ईसीजी: कोणी घ्यावा, कोणी पैसे वाचवावेत

माझी अख्खी नोकरी ईसीजी विभागात गेली. छातीला जेल लावा, रबरी फुगे चिकटवा, "बोलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या" म्हणा आणि ठोक्यांची रेघ उमटलेली कागदी पट्टी काढा. त्यामुळे भाच्याने ईसीजी काढणारं घड्याळ आणून दिलं तेव्हा ते कौतुकाने मिरवण्याऐवजी मी त्याची पट्टी वाचायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या जातीची सगळी घड्याळं साधारण हेच काम करतात.

वापरायला सोपं आहे. घड्याळाच्या हाताचं मनगट टेबलावर टेकवायचं, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर हलकेच ठेवायचं आणि 30 सेकंद गप्प बसायचं. बोट दाबून धरलं की दंडाचे स्नायू ताठ होतात आणि रेघ केसाळ येते. कातडी कोरडी असली तरी तेच. नीट बसलात तर मात्र पट्टी खरोखर सुरेख येते. प्रत्येक ठोक्याच्या लाटा ओळीने दिसतात: आधी वरचे कप्पे आकसतानाचा छोटा पी, मग खालचे कप्पे आकसतानाचा उंच टोकदार क्यूआरएस, मग ते पुन्हा सैल होतानाचा गोलसर टी. माझी पट्टी श्वासाबरोबर किंचित वर-खाली डोलताना बघून मला जुने सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

ही अक्षरं डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांची. त्यांना 1924 साली नोबेल मिळालं. त्यांच्या यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, ते चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. दोन हातांमधला विद्युतदाबाचा जो फरक ते मोजत, त्याला लीड वन म्हणतात. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक बाजू. घड्याळ तेवढंच मोजतं. रुग्णालयात आम्ही हृदयाकडे बारा बाजूंनी बघतो, घड्याळ एका बाजूने बघतं. या वस्तूची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा इथेच आहे.

ताकद आधी सांगते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरू लागतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डॉक्टर मंडळी 'एएफ' म्हणतात. पट्टीत पी दिसत नाही आणि ठोक्यांमधलं अंतर कसंही कमीजास्त होतं. माणसाला धडधडतं, दम लागतो, थकवा येतो. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो. म्हणून एएफ वेळेवर सापडायला हवा. पण तो येतो-जातो. माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत ठोके सरळ झालेले असतात आणि मी काढलेली पट्टी स्वच्छ! दिवसभर होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावलं तरी नेमका त्याच दिवशी त्रास झाला नाही तर हाती काही लागत नाही. घड्याळ मात्र धडधडतंय त्याच क्षणी पट्टी काढून ठेवतं. ती फोनवरून डॉक्टरांना दाखवता येते. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देते. फक्त घड्याळाने 'एएफ' म्हटलं म्हणून आपणच गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आधी ती पट्टी डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या.

आता मर्यादा. हृदयात वायरिंग आहे, नळ आहेत आणि दारं आहेत. घड्याळ वायरिंग तपासतं. हार्ट अटॅक हा नळाचा आजार. हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि पुढचा स्नायू उपाशी मरायला लागतो. त्या वेळी ठोके अगदी तालात असू शकतात.

आमचे भावजी एका संध्याकाळी आले ते घामाने भिजलेले. जबडा दुखतोय, पोटात मळमळतंय आणि चेहरा राखेसारखा. मी उठायच्या आत त्यांनीच मनगट पुढे केलं. "वहिनी, घाबरू नका, घड्याळ नॉर्मल दाखवतंय. गॅस असेल." स्क्रीनवर खरंच 'सायनस ऱ्हिदम', म्हणजे ठोके तालात, असं होतं. म्हटलं, "भावजी, ते ठोक्यांचं सांगतंय. आधी बसा, आणि गाडी तुम्ही चालवायची नाही." रुग्णवाहिका बोलावली. बारा लीडच्या पट्टीत, हृदयाकडे खालून बघणाऱ्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी (क्यूआरएस आणि टी यांच्यामधली रेघ) वर उचललेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. लीड वन त्या भिंतीकडे थेट बघतच नाही. घड्याळ खोटं बोललं नव्हतं, त्याला तो प्रश्नच विचारता येत नाही. माहितीपत्रकात 'हे उपकरण हार्ट अटॅक ओळखत नाही' असं छापलेलंही आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचायला भिंग लागावं. माझी खरी तक्रार ही आहे. हे वाक्य प्रत्येक निकालाच्या वर ठळक यायला हवं.

म्हणून छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, दम, मळमळ यांपैकी काही सुरू झालं तर घड्याळाकडे बघायचंच नाही, थेट मदत बोलवायची. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह्यांमध्ये छाती न दुखता नुसता दम किंवा विचित्र थकवा असाही झटका येतो. रुग्णालयातसुद्धा पहिली पट्टी कधीकधी साधी निघते. मग आम्ही ती पुन्हा काढतो, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात. तिथे मनगटावरच्या एका रेघेचा काय पाड! चालताना छाती भरून येते आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरते, तो अंजायना. तोही घड्याळाला बसल्या जागी दिसत नाही.

दारांचं, म्हणजे झडपांचंही तेच. झडप अरुंद झाली की जिना चढताना दम लागतो, चक्कर येते, माणूस कोसळूही शकतो. ते स्टेथोस्कोपला ऐकू येतं आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. आणि हार्ट फेल्युअरला, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते तेव्हा, घड्याळापेक्षा साधा वजनकाटा हुशार. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वजन वाढलं, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो, आडवं झालं की धाप लागून उठून बसावं लागतं, तर अंगात पाणी साचतंय. डॉक्टरांना लगेच कळवा.

किरकोळ गोष्टी: चार्जिंग रोज करावं लागतं. 'निष्कर्ष काढता आला नाही' हा निकाल फार वेळा येतो आणि भित्रा माणूस त्यानेच अर्धा होतो. आमच्याकडे हे दिवसभर पट्ट्या काढत बसले आणि प्रत्येक पट्टीनंतर नाडी वाढलेली, शेवटी मी घड्याळ कपाटात ठेवलं. पेसमेकर असलेल्यांसाठी हे फीचर नाही, तेही माहितीपत्रकातच आहे.

अधूनमधून धडधडतं पण पट्टीत सापडत नाही, किंवा पूर्वी एएफ होऊन गेलाय, अशांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. बाकीच्यांनी त्या पैशात दंडाला पट्टा बांधायचं चांगलं बीपी मशीन आणि वजनकाटा घ्यावा, कारण वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. पाचपैकी तीन तारे. त्या बारीक अक्षरांसाठी एक कापला, चार्जिंगसाठी एक.